सूक्ष्माची मजुरी

मोठ्या वस्तूच्या घडणीत माणसाचा घाम दिसतो, लहान वस्तूच्या घडणीत तो दिसत नाही. एखाद्या धरणाच्या भिंतीपाशी उभे राहिले, म्हणजे येथे किती माणसे राबली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. जुन्या देवळाच्या शिखराकडे पाहतानाही अनामिक पाथरवटाची आठवण होतेच. परंतु मनगटावरचे घड्याळ किंवा खिशातील भ्रमणध्वनी हाती घेऊन, ह्याच्या पोटातील तिळाएवढे भाग कोणी जुळविले असतील, असा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःला विचारला असेल? जी वस्तू डोळ्यांना नीट दिसत नाही, ती घडविणारे डोळेही आपल्याला दिसत नाहीत. ह्या न दिसणाऱ्या डोळ्यांचा आणि बोटांचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. त्या विचाराच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. जे काम माणसाला झिजविणारे आहे, ते केवळ माणूस स्वस्त मिळतो म्हणून त्याच्याकडून करवून घेणे न्याय्य आहे काय? आणि पुढे तोच माणूस महाग पडू लागला म्हणून ते काम त्याच्या हातून काढून घेणे, हे तरी न्याय्य आहे काय?

प्रश्नाचे स्वरूप नीट कळावे म्हणून प्रथम सूक्ष्म वस्तूंच्या जुळणीतील अडचण समजून घेतली पाहिजे. आपली अशी सर्वसाधारण समजूत असते, की वस्तू लहान झाली की काम फक्त नाजूक होते. बाकी सारे तसेच राहते. वस्तुतः तसे नाही. वस्तूची लांबी, रुंदी व उंची दहापटीने कमी केली, तर तिचा पृष्ठभाग शंभरपटीने कमी होतो. पण वजन मात्र हजारपटीने कमी होते. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितके तिच्या वजनाचे राज्य संपत जाते आणि पृष्ठभागाचे राज्य सुरू होते. सुमारे एका मिलिमीटरच्या खाली उतरले, की हवेतील ओलाव्याचे पाणी, पृष्ठभागावर साचलेली स्थिर वीज आणि रेणूरेणूंमधील ओढ ह्या गोष्टी गुरुत्वाकर्षणावर मात करू लागतात. मग चिमट्याने उचललेला भाग चिमट्यालाच चिकटून बसतो. चिमटा उघडला तरी तो खाली पडत नाही. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत उचलणे कठीण आणि सोडणे सोपे असते. येथे उचलणे सोपे आणि सोडणे कठीण होऊन बसते. यंत्राच्या साहाय्याने अशी जुळणी करू पाहणाऱ्या अभियंत्यांनी ह्या एका अडचणीपायी पुष्कळ वर्षे खर्च केली आहेत. कोणी हवेचा झोत सोडून भाग सुटा करतो, कोणी चिमट्यालाच कंप देतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तर बर्कलीच्या विद्यापीठात असे प्रयोग झाले, की विशिष्ट आकाराचे सूक्ष्म तुकडे द्रवात सोडावयाचे आणि त्यांनी वाहता वाहता आपापल्या खळग्यात आपणहून जाऊन बसावयाचे.

ह्या विषयाचा आरंभ सांगताना रिचर्ड फाइनमन ह्या भौतिकीविदाच्या २९ डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानाचा उल्लेख नेहमी केला जातो. कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथे त्यांनी हे व्याख्यान दिले. सूक्ष्म जगात अजून पुष्कळ जागा रिकामी आहे, असा त्याचा आशय होता. माणसाच्या हाताच्या हालचालीबरहुकूम चालणारे चतुर्थांश आकाराचे यांत्रिक हात करावेत, त्या हातांनी त्याहून चतुर्थांश आकाराचे हात घडवावेत, आणि असे पायरीपायरीने खाली उतरत जावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. भाग एकमेकांना चिकटतील, हेही त्यांनी तेव्हाच ओळखले होते. व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी एक हजार डॉलरचे बक्षीस लावले: इंचाच्या एक चौसष्टांश लांबीरुंदीउंचीत मावणारी चालती विद्युत् मोटर जो करील, त्याला ते मिळावयाचे होते. हे साध्य करण्यासाठी कोणीतरी निर्मितीची एखादी अगदी नवी रीत शोधून काढील, अशी त्यांची अपेक्षा होती.

एका वर्षाच्या आत, १९६० च्या नोव्हेंबरात, विल्यम मॅक्लेलन नावाचे एक अभियंते सूक्ष्मदर्शक घेऊन त्यांच्याकडे आले आणि त्यांनी अशी मोटर दाखविली. तिचे तेरा भाग होते, वजन एका ग्रॅमच्या चार हजाराव्या हिश्श्याएवढे होते, आणि ती मिनिटाला दोन हजार फेरे घेत होती. फाइनमन यांनी बक्षीस दिले. पण ते थोडे खट्टूही झाले, असे सांगतात. कारण मॅक्लेलन यांनी कोणतीही नवी रीत शोधली नव्हती. सूक्ष्मदर्शक, घड्याळजीची लेथ, टोकदार काडी आणि अपार चिकाटी एवढ्याच सामग्रीवर त्यांनी ती फावल्या वेळात हाताने केली होती. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. विद्वानाने अशी अट घातली, की जी पुरी करण्यासाठी नवे यंत्र जन्माला यावे. आणि ती पुरी केली माणसाच्या हाताने. हात असा आहे म्हणूनच त्याच्यापुढे एक संकट उभे राहते. जो हात यंत्राला न जमणारे काम करू शकतो, त्याला ते काम करीतच राहावे लागते.

मॅक्लेलन यांनी ती मोटर हौसेने केली आणि एकच केली. तीच जुळणी दिवसातून शेकडो वेळा, आठ आठ तास, वर्षानुवर्षे करावी लागली, तर तिचे स्वरूप काय होईल, हे पाहावयाचे असेल तर अर्धवाहकांच्या उद्योगाचा इतिहास पाहावा. १९५० नंतरच्या दशकात विद्युत् यंत्रांतील भाग इतके वाढत चालले होते, की ते एकमेकांना हाताने जोडता जोडता माणसे थकून जात. जोड जितके अधिक, तितकी चूक होण्याची शक्यता अधिक. बेल प्रयोगशाळेतील जॅक मॉर्टन यांनी ह्या स्थितीला ‘संख्येची जुलूमशाही’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्या जुलमातून सुटका १९५८ आणि १९५९ साली झाली. टेक्सासमध्ये जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यात अनेक भाग घडवून दाखविले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट नॉइस यांनी त्या भागांना जोडणारे धातूचे पट्टेही त्याच तुकड्यावर उमटविण्याची रीत सुचविली. संकलित मंडल ते हेच. येथे जुळणीचे काम यंत्राकडे गेले नाही. जुळणीच नाहीशी झाली. भाग सुटे करून जोडण्याऐवजी ते जोडलेलेच जन्माला येऊ लागले.

परंतु जगात कोणतेही काम सर्वस्वी नाहीसे होत नाही. ते मधून निघते आणि कडेला जाऊन बसते. सिलिकनच्या एका चकतीवर शेकडो मंडले एकदम उमटू लागली खरी. पण ती चकती कापून प्रत्येक तुकडा त्याच्या घरात बसवावयाचा आणि बाहेरच्या पायांशी बारीक तारांनी जोडावयाचा, हे काम उरलेच. ही तार सोन्याची, आणि माणसाच्या केसाच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची. ती हाताने जोडणारी बाई सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसे, तारेचे टोक तुकड्यावर टेकवी, दुसरे टोक पायाशी आणी आणि पुढच्या तारेकडे वळे. आजही हालचाल, दाब किंवा कंप जाणणारी सूक्ष्म यंत्रे पाहिली, तर हाच अनुभव येतो. मूळ यंत्र चकतीवर हजारोंच्या संख्येने अत्यल्प खर्चात उमटते. पण ते कापणे, बसविणे, झाकणे आणि तपासणे ह्यांतच पुष्कळदा एकूण खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग जातो.

जेथे खर्च, तेथे काटकसरीचे लक्ष. १९६३ साली फेअरचाइल्ड ह्या अमेरिकन कंपनीने हाँगकाँग येथे जुळणीचा कारखाना काढला. तेथील मजुरी अमेरिकेतील मजुरीच्या सुमारे एक दशांश होती. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. १९६५ पासून फेअरचाइल्डनेच न्यू मेक्सिकोतील शिपरॉक येथे नावाहो आदिवासींच्या प्रदेशात असा कारखाना चालविला. तेथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य नावाहो स्त्रिया होत्या. १९७२ साली मलेशियातील पेनांग येथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले आणि खेड्यांतील हजारो तरुण मुली सूक्ष्मदर्शकापुढे येऊन बसल्या. तार जोडण्याची स्वयंचलित यंत्रे पुढे आली. आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हे काम हळूहळू त्यांच्याकडे गेले. आजचे यंत्र एका सेकंदात अनेक जोड करते.

ह्या कालक्रमातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. स्वयंचलनाची इच्छा सर्वांना पहिल्यापासून होती. मग यंत्र यावयास इतकी वर्षे का लागली? एक कारण तांत्रिक होते, ते वर सांगितलेच. दुसरे कारण हिशेबाचे होते. हात जोवर स्वस्त आहे, तोवर यंत्रावर पैसा कशाला घालावा? म्हणजे यंत्र केव्हा येते, तर माणसाचे डोळे थकतात तेव्हा नव्हे; त्याची मजुरी वाढते तेव्हा, किंवा त्याच्या हातून होणारी चूक परवडेनाशी होते तेव्हा. डोळ्यांच्या थकव्याला हिशेबाच्या वहीत रकानाच नसतो. ज्या समाजात माणूस अधिक गरीब, त्या समाजात त्याची सुटका अधिक लांबणीवर पडते. गरिबीच त्याच्या कष्टाचा जामीन होऊन बसते.

ही गोष्ट उघडपणे मान्य करण्यास कोणाचेही मन धजत नाही. म्हणून तिला एक सुंदर पांघरूण घातले जाते. ‘हे काम बायकांच्या नाजूक बोटांनाच साधते’, असे म्हटले जाते. शिपरॉकच्या कारखान्याविषयीच्या १९६९ च्या एका पुस्तिकेत तर नावाहो गालिच्यांची नक्षी आणि संकलित मंडलाची नक्षी ह्यांचे साम्य दाखविले होते. जणू ह्या स्त्रिया ह्या कामासाठीच जन्माला आल्या होत्या. डायेन एल्सन आणि रुथ पिअर्सन ह्या दोन विदुषींनी १९८१ साली लिहिलेल्या एका निबंधात ह्या युक्तिवादाचा पुरता समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बोटांचे हे कौशल्य निसर्गाने दिलेले नाही. मुलगी लहानपणापासून घरात शिवणटिपण करते, आईच्या हाताखाली शिकते आणि त्यातून ते येते. पण हे शिक्षण घरात, बिनपगारी झाले असल्यामुळे त्याला शिक्षण म्हणावयास कोणी तयार नसते. जे निसर्गाने दिले, त्याची वेगळी किंमत कशाला मोजावयाची? कौशल्याला स्वभाव म्हटले, की मजुरी कमी करता येते.

हे वाचताना दूरदेशीच्या गोष्टी वाचतो आहोत, असे मला वाटले नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांची चपळाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. घराघरातून तांदूळ निवडणारी, वाती वळणारी, गोधडीला बारीक टाका घालणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. आणि तिच्या हातात ‘कसब’ आहे असे म्हणण्याऐवजी तिला ‘सवय’ आहे असेच आपण म्हणत आलो आहो. सवयीला दाम नसतो, हे त्यात गृहीतच आहे.

मलेशियातील कारखान्यांविषयी आय्हवा ऑंग ह्या मानवशास्त्रज्ञ विदुषींनी १९८७ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. कारखान्यातील मुलींच्या अंगात येऊ लागले. काम करता करता एखादी मुलगी किंचाळे, रडू लागे, भूत दिसल्याचे सांगे. आणि पाहता पाहता तिच्याबरोबर इतर मुलींनाही ते होई. काम बंद पडे. मग व्यवस्थापक ‘बोमोह’ नावाच्या मांत्रिकाला बोलावून जागेची शांत करवीत. ‘अंगात येणे’ हा शब्द आपल्या भाषेत आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन उमगते. ज्या बाईला घरात बोलता येत नाही, ती अंगात आल्यावर बोलते, हे आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी पूर्वीच ओळखले आहे. ज्यांना तक्रार करावयास शब्द नव्हते, त्यांची तक्रार भुताच्या तोंडून बाहेर पडली. आणि व्यवस्थापकांनी भुताची शांत केली, कामाची नव्हे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग प्रश्नच मिटला. असले काम यंत्राकडे जितक्या लवकर जाईल, तितके बरे. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे, की धोटा जर आपणहून विणू लागला, तर धन्याला दासाची गरज राहणार नाही. धोटे आता आपणहून विणू लागले आहेत. तार जोडणारे यंत्र आले. मग आनंद का मानू नये?

ह्या प्रश्नावर आपल्याकडे दोन थोर माणसांनी गंभीर विचार केला आहे, आणि त्यांची मते परस्परविरोधी आहेत, असे सामान्यतः समजले जाते. गांधीजींचा यंत्रविरोध प्रसिद्ध आहे. परंतु १९२४ साली दिल्लीत झालेल्या एका संभाषणात त्यांनी एक अपवाद आवर्जून केला होता. तो शिवणयंत्राचा. सिंगरने आपल्या पत्नीला टाके घालून घालून शिणलेली पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र केले, असे ते म्हणाले. माझा विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असा त्यांचा आशय होता. उलट बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली, काँग्रेस व गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले ह्या विषयावरील आपल्या ग्रंथात, यंत्राचा हिरिरीने पुरस्कार केला. पशू आणि माणूस ह्यांतील भेद संस्कृतीचा आहे. संस्कृतीला फुरसत लागते. आणि अंगमेहनतीत सारे आयुष्य ज्यांचे जाते, त्यांना फुरसत यंत्रावाचून मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यंत्रामुळे जे अनर्थ झाले, त्यांचा दोष यंत्राकडे नसून यंत्राचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेकडे आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे.

मला वाटते, सूक्ष्म जुळणीच्या प्रश्नापुरते पाहिले, तर ही दोन मते एकमेकांना पूरक ठरतात. गांधीजी विचारतात: यंत्र कोणावरील प्रेमापोटी आले? बाबासाहेब विचारतात: यंत्राने वाचविलेली फुरसत कोणाला मिळाली? तार जोडणारे यंत्र ह्या दोन्ही कसोट्यांना लावून पाहावे. ते त्या बाईवरील प्रेमापोटी आले नाही. आणि त्याने वाचविलेला वेळ फुरसत होऊन तिच्या वाट्याला आला नाही, बेकारी होऊन आला. शिपरॉकच्या कारखान्याचा शेवट तर ह्याहूनही रूक्ष आहे. तेथील नोकरकपात आणि कामाच्या अटी ह्यांच्या निषेधार्थ १९७५ च्या फेब्रुवारीत काही आंदोलकांनी कारखाना ताब्यात घेतला. तो सुटल्यावर कंपनीने कारखानाच कायमचा बंद केला. यंत्र येईपर्यंतही कोणी थांबले नाही. हात इतरत्र स्वस्त मिळत होते.

बंगळूरला बदली होऊन गेलो असता आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत असत. घड्याळाच्या एका कारखान्यात जुळणीच्या विभागात त्यांची बावीस वर्षे गेली होती. डोळ्याला भिंग लावून केसासारखी कमान चाकावर बसविणे हे त्यांचे काम. पुढे स्फटिकाची घड्याळे आली, तयार यंत्रे बाहेरून येऊ लागली आणि त्यांना इतर अनेकांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. त्यांचे मोडके हिंदी आणि माझे मोडके कन्नड ह्यांच्या आधारे आमचे बोलणे चाले. एकदा मी सहज म्हणालो, ‘‘अम्मा, डोळे तरी सुटले म्हणावयाचे.’’ मला वाटले होते, त्या होकार देतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘डोळे सुटले, साहेब. पण ह्या हातांना काय येत होते, ते जाताना कोणी विचारले नाही.’’

त्या वाक्याने माझा सारा युक्तिवाद अपुरा ठरला. काम वाईट होते, हे मला दिसत होते. त्या वाईट कामात त्यांनी काहीतरी मिळविले होते, हे दिसत नव्हते. पहिल्याने स्वतःच्या नावाचा पगार त्यांनी त्याच कामातून आणला होता, धाकट्या बहिणीचे लग्न त्याच पगारावर केले होते. पेनांगच्या मुलींचीही हीच कथा आहे. सूक्ष्मदर्शकापुढचे काम कठोर होते, पण शेतावरच्या निनावी राबण्यापेक्षा त्यात काही वेगळे होते. तेव्हा जे काम आपल्याला अमानुष वाटते, ते करणाऱ्याला विचारल्यावाचून अमानुष ठरविणे, ह्यातही एक प्रकारचा उद्धटपणा आहे. कष्टातून सोडविणे आणि वगळून टाकणे ह्या दोन क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. फरक एवढाच, की सोडविताना आपण माणसाकडे पाहतो आणि वगळताना पाहत नाही.

मग न्याय कशात आहे? माझ्या अल्पमतीनुसार, तो ‘यंत्र की हात’ ह्या निवडीत नाही. यंत्र येणारच, आणि पुष्कळ ठिकाणी ते यावे हेच उचित आहे. न्याय आहे तो ऋण मान्य करण्यात. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले. त्यांतील ऋषिऋण म्हणजे ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांचे ऋण. तार जोडणाऱ्या यंत्राची हालचाल पाहिली, तर तिच्यातला क्रम तोच आहे, जो सूक्ष्मदर्शकापुढच्या बाईच्या हाताचा होता: टोक टेकविणे, दाबणे, कमान देऊन तार नेणे, पुन्हा टेकविणे, तोडणे. यंत्राला हे ज्ञान आकाशातून मिळाले नाही. ते पूर्वी हातांनी केले, हातांनी चुकविले, हातांनी सुधारले. त्या ज्ञानाला आरंभी ‘स्वभाव’ म्हणून कमी मजुरी दिली आणि शेवटी यंत्रात उतरवून घेतल्यावर त्याला ‘तंत्रज्ञान’ म्हणून मोठी किंमत लावली, ही दुहेरी लबाडी झाली. कामाला घेताना कौशल्याला कौशल्य म्हणणे आणि काम काढून घेताना यंत्राच्या लाभातून त्या कौशल्याची परतफेड करणे, एवढे तरी ज्याला धर्म म्हणता येईल त्यात बसते. ही परतफेड पैशात असो, नव्या शिक्षणात असो, किंवा त्याच कारखान्यातील दुसऱ्या जागेत असो.

हा प्रश्न आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन अर्धवाहक प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांतील दोन, आसामात जागीरोड येथील २७,००० कोटी रुपयांचा आणि गुजरातेत साणंद येथील ७,६०० कोटी रुपयांचा, हे मुख्यतः जुळणीचे व तपासणीचे आहेत. तिसरा, धोलेरा येथील ९१,००० कोटींचा, मूळ चकत्या घडविण्याचा आहे. जागीरोडच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ४ कोटी ८० लाख चिप्स एवढी सांगितली आहे. जेथे हा प्रकल्प उभा राहिला, त्या जागी पूर्वी सरकारी क्षेत्रातील कागदाची गिरणी होती. ती २०१७ साली बंद पडली. तिन्ही प्रकल्पांतून मिळून प्रत्यक्ष वीस हजार आणि अप्रत्यक्ष साठ हजार रोजगार मिळतील, असे शासनाने त्या वेळी म्हटले होते. भागाकार सोपा आहे. एका प्रत्यक्ष रोजगारामागे सहा कोटींहून अधिक रुपये. एका काळी जे काम माणूस स्वस्त म्हणून परदेशी धाडले गेले, ते आपल्या देशात येताना माणसाला जवळजवळ मागे ठेवूनच आले आहे.

ह्यात दोष शोधण्याचा माझा हेतू नाही. दिवसाला पाच कोटी तुकडे जोडण्यासाठी सूक्ष्मदर्शकापुढे माणसे बसवावीत, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण अशा प्रदेशांतून, अशा प्रकल्पांच्या कागदपत्रांपुढे बसलेले असतात. आपल्या तक्त्यात ‘निर्माण होणारे रोजगार’ असा एक रकाना असतो. तो भरताना आकडा मोठा असावा, एवढीच आपली इच्छा असते. मीही तो रकाना वर्षानुवर्षे त्याच इच्छेने भरला आहे. ते काम कोणत्या प्रकारचे आहे, ते डोळ्यांना किती वर्षे झेपेल, ते करणाऱ्याला त्यातून काही शिकता येईल की नाही, आणि पुढे यंत्र आल्यावर त्याचे काय, हे विचारण्यास त्या तक्त्यात जागा नाही. रकाना नाही म्हणून प्रश्न नाही, असे मात्र होत नाही. टिप्पणीच्या कडेला दोन ओळी लिहिण्यास कोणत्याही नियमाने मनाई केलेली नाही. वरिष्ठांनी त्या ओळींवर काट मारली, तरी त्या एकदा लिहिल्या गेल्या होत्या, एवढे धारिकेत राहते. आणि पुढे कधीतरी दुसरा कोणी ती उघडतो.

सूक्ष्म जगात, वर सांगितल्याप्रमाणे, उचललेली वस्तू सोडणे फार कठीण असते. माणसांच्या जगात ते फार सोपे आहे. तेथे चिमटा नुसता उघडला तरी पुरते. बंगळूरच्या त्या शेजारीण बाई आता हयात नाहीत. त्यांच्या हातांना काय येत होते, हे मीही त्यांना विचारले नाही. त्यांनी ते वाक्य उच्चारले त्या दिवशी विचारता आले असते. कार्यालयाची वेळ झाली होती.